वीस हर्ट्झच्या खाली

रोह्याच्या आमच्या घरी आजोबांच्या ११२ एलपी रेकॉर्ड्स आहेत आणि ते घर दिवाळीनंतर पाडलं जाणार आहे. त्या जागी बिल्डिंग उभी राहील, आजी पेणला आत्याकडे राहायला येईल. रेकॉर्ड्स कुठे जातील ते अजून ठरलेलं नाही. काका म्हणतो, मुंबईत घेणारे आहेत, चांगला भाव देतात. आत्या म्हणते, विकायच्या तर विका, पण आधी त्यातली गाणी काढून ठेवा. लॅपटॉपवर पोट भरणारी घरात मी एकटीच, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. गणपती ते दिवाळी, सात वीकेंड.

हिशेब सोपा होता. एका एलपीच्या दोन बाजू मिळून साधारण चाळीस मिनिटं. ११२ गुणिले चाळीस म्हणजे पंच्याहत्तर तास. रेकॉर्ड वाजते त्याच वेगानं उतरते, तिथे डाउनलोडची घाई चालत नाही. मी पेणहून शनिवारी सकाळच्या गाडीनं रोह्याला जायचे, रविवारी रात्री परत. आठवडाभर एका कंपनीच्या सर्व्हरचे लॉग बघायचे आणि शनिवार-रविवार माडीवर बसून कुमार गंधर्व, हिराबाई बडोदेकर, सुधीर फडके.

आजोबांचा प्लेअर अजून फिरतो, पण त्याची सुई जड आहे आणि ती किती वर्षांची आहे ते कुणालाच माहीत नाही. म्हणून पुण्याच्या मित्राकडून बेल्टवर चालणारा टर्नटेबल, फोनो प्रीअँप आणि ऑडिओ इंटरफेस उसना आणला. चाचणीसाठी हिराबाईंची एक एलपी लावली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्क्रीनकडे बघत बसले.

दिसणारा, पण ऐकू न येणारा आवाज

गाणं सुरू होण्याआधीची दोन-तीन सेकंदं. सुई चरीत टेकलेली, हेडफोनमध्ये नुसती बारीक खरखर. स्क्रीनवर मात्र भरतीच्या पाण्यासारखी संथ लाट वरखाली होत होती. गाणं सुरू झालं तेव्हा ते त्या लाटेवर बसून आलं, होडीत बसल्यासारखं. खोलीतल्या जुन्या स्पीकरची जाळी काढून बघितली, तर त्याचा कागदी पडदा आतबाहेर करत होता आणि त्या हालचालीचा काहीच आवाज येत नव्हता.

माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. २० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला वीस कंपनं. त्याच्या खालचं कानाला कळत नाही, पण सुईला कळतं. सुईचं कामच हलणं आहे. ती गाण्यानं हलली की दुसऱ्या कशानं, हे तिला ठाऊक नसतं.

हे दुसरं काहीतरी चार ठिकाणांहून येतं.

पहिलं, रेकॉर्डचा बाक. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त फेरा. कोकणातल्या उन्हाळ्यात चाळीस वर्षं कपाटात उभी-आडवी राहिलेली रेकॉर्ड कुठेतरी वाकतेच. एका फेऱ्यात तिला चार उंचवटे असतील, तर सुई सेकंदाला दोन-सव्वादोन वेळा वरखाली होते.

दुसरं, प्लेअरचा हात. सुई ज्या इवल्याशा दांडीवर बसते ती लवचीक असते, म्हणजे एक स्प्रिंगच. त्या स्प्रिंगला पूर्ण हाताचं वजन टांगलेलं. साडीच्या पाळण्याला जसा स्वतःचा एक झोका असतो, तसा या जोडीलाही असतो, आणि त्याच लयीत धक्का मिळाला की ती जोरात डुलते. ही लय ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यावी अशी हात आणि सुईची जोडी निवडतात, म्हणजे ती बाकाच्या वर आणि संगीताच्या खाली पडते. मित्राच्या प्लेअरचं गणित मांडलं तर दहाच्या जरा अलीकडे आलं. आलेखातही दहाच्या जवळच टेंगूळ होतं.

तिसरं, मोटर. रबरी चाकानं तबकडी फिरवणाऱ्या जुन्या प्लेअर्सपैकी अनेकांत चार ध्रुवांची मोटर असायची. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला जवळजवळ २५ फेरे घेते आणि तिची घरघर चाकातून तबकडीत उतरते. बेल्टच्या प्लेअरमध्ये ही घरघर पुष्कळ कमी असते.

चौथं, घर. त्याच्याकडे नंतर येते.

नऊ पट

आता तुम्ही विचाराल, हे सगळं इतकं बारीक असताना स्पीकरचा पडदा एवढा का हलतो? याचं उत्तर रेकॉर्ड कापण्याच्या पद्धतीत आहे.

खालचे सूर चरीत जसेच्या तसे कोरले तर चर फार रुंद वळणं घेते आणि एका बाजूवर वीस मिनिटं मावत नाहीत. म्हणून कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात. वाजवताना प्रीअँप याच्या बरोबर उलट करतो. हे दाबणं-चढवणं किती, याचं माप १९५४ पासून अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेच्या नावानं ओळखलं जातं: आरआयएए. त्यानुसार १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा सूर वाजवताना १९ डेसिबल, म्हणजे जवळजवळ नऊ पट चढतो.

डग्ग्याच्या घुमक्याला हे हवंच, कारण तो दाबूनच कोरलेला असतो. पण बाक, हाताचा झोका आणि मोटरची घरघर रेकॉर्डच्या कारखान्यात कुणी दाबलेली नव्हती. ती फुकटात नऊ पट होतात.

ऐकू येत नाही तर राहू दे, असं म्हणता येत नाही. अँप्लिफायरची ताकद त्या मुक्या हालचालीत खर्च होते. ज्या स्पीकरच्या खोक्याला हवेसाठी भोक असतं, त्यात ठरावीक कंपनांच्या खाली आतली हवा पडद्याला धरून ठेवत नाही आणि तो मोकाट हलतो. मग त्याच पडद्यातून निघणारा गळा हलत्या बाकावर बसून गायल्यासारखा किंचित थरथरतो. डिजिटल रेकॉर्डिंगमध्येही लाटेला जागा सोडावी लागते, म्हणजे गाण्याची पातळी खाली ठेवावी लागते.

चाळण आणि उतार

यावरचा उपाय म्हणजे फिल्टर. ठरवलेल्या कंपनांच्या वरचं जाऊ द्यायचं, खालचं अडवायचं.

पेणमध्ये वाढलेल्या कुणालाही चाळणी डोळ्यासमोर येईल. गणपतीच्या कारखान्यात शाडूची माती चाळतात, खडा वर राहतो, भुकटी खाली पडते. आवाजाचा फिल्टर तसा कडक नसतो, त्याला उतार असतो. इंग्लंडच्या स्टीफन बटरवर्थ या अभियंत्यानं १९३० मध्ये मांडलेली रचना आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सापडते. हवा तो भाग शक्य तितका सपाट ठेवायचा आणि मग उतार लावायचा, हा तिचा गुण.

मी २० हर्ट्झवर, सप्तकामागे १८ डेसिबलचा उतार घेतला. त्यानं काय होतं बघा. ४० हर्ट्झच्या सुराला जवळजवळ धक्का लागत नाही. १० हर्ट्झचा हाताचा झोका आठव्या हिश्श्यावर येतो. ५ हर्ट्झवरचं चौसष्टाव्या हिश्श्यावर. बाकाची लाट तर दिसेनाशीच होते. पण २५ हर्ट्झची मोटरची घरघर फक्त एक डेसिबलनं घटते, म्हणजे तशीच राहते. फिल्टर लावला म्हणजे सगळं निघालं असं नाही, हे आकड्यांतच दिसतं.

घरघरीसाठी वेगळी युक्ती आहे आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. जुनी मोनो एलपी फक्त आडवी कोरलेली असते, सुई डावी-उजवीकडे हलते. बाक, तबकडीची घरघर आणि जमिनीचे धक्के हे बहुतांशी उभे असतात. स्टीरिओ सुई उभी हलली की डाव्या आणि उजव्या चॅनलमध्ये एकमेकांच्या उलट सिग्नल येतो. दोन्ही चॅनलची बेरीज केली की आडवं म्हणजे गाणं टिकतं, आणि उभं म्हणजे कचरा एकमेकाला खाऊन टाकतो. आजोबांच्या निम्म्याहून अधिक रेकॉर्ड्स मोनो आहेत. तिथे ही बेरीज एकटीच पुष्कळ काम करून गेली.

कुठवर कापायचं

आतेभावानं ऐकलं आणि म्हणाला, "वीसवर कशाला थांबतेस? शंभरला कापून टाक. एकदम क्लीन होईल." त्यानं फोनवर दोन्ही वाजवून दाखवलं. फरक कळला नाही. कळणारही नव्हता, फोनच्या स्पीकरला शंभरच्या खालचं फारसं वाजवताच येत नाही.

पण त्या शंभरच्या खाली कोण राहतं ते बघायला हवं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा सा साधारण १३९ हर्ट्झ. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झ. गंमत म्हणजे तंबोऱ्याला शंभरला कापल्याचं फार दुःख होत नाही. जवारीमुळे त्या तारेतून वरचे सूर इतके दाट निघतात की आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा सा स्वतःच भरून काढतो. फोनवरही खर्ज ऐकू येतो तो त्यामुळे. डग्ग्याचं तसं नाही. मनगटानं दाबून काढलेली मींड, ती खालून वर येणारी घुमक, तिचं घर शंभरच्या आसपास आणि त्याखालीच आहे. ते कापलं की तबला उरतो, डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो. आतेभावाला चांगले हेडफोन लावून ठेका ऐकवला. तो म्हणाला, "अच्छा. वीस ठीक आहे."

उलट बाजूही खरी आहे. खालच्या ट्रंकेत एक जुनी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी निघाली. १९२५ च्या आधी मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यासमोर गायचं आणि आवाजाच्या जोरावर सुईनं कोरायचं. त्या पद्धतीत खालचे सूर मुळात कोरलेच जात नसत. अशा तबकडीवर फिल्टर बराच वर नेला तरी काही गमावत नाही. म्हणजे कुठे कापायचं याचा एकच आकडा नाही, आत काय आहे त्यावर तो ठरतो. तज्ज्ञांमध्येही यावर वाद झाले. १९७६ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं वाजवण्याच्या मापातच २० हर्ट्झचा सौम्य उतार घातला. पुष्कळ प्रीअँप बनवणाऱ्यांनी तो घेतलाच नाही.

घर

आता चौथं.

आजोबांनी रेकॉर्ड्स जमवायला सुरुवात केली तेव्हा रोह्याला रेल्वे नव्हती. आपट्याहून रोह्यापर्यंत रूळ आले १९८६ मध्ये. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे रोह्यापासून पार मंगळूरच्या बाजूपर्यंत सुरू झाली. आमचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. माडीला लाकडी तक्तपोशी. मालगाडी गेली की मांडणीतली भांडी बोलतात.

आजोबा शाळामास्तर होते, यंत्रातलं त्यांना काही येत नव्हतं. पण प्लेअर ठेवायच्या टेबलावर कडप्पाची लादी आहे आणि लादीखाली स्कूटरच्या चाकाची ट्यूब. अर्धी हवा भरलेली असायची, असं आजी सांगते. जड लादी आणि मऊ ट्यूब ही परत एक स्प्रिंग आणि वजनाची जोडी. ती स्वतः अगदी संथ डुलते, त्यामुळे तिच्याहून बरेच जलद असणारे धक्के वर पोचत नाहीत. मी सॉफ्टवेअरमध्ये जे करत होते ते त्यांनी पंक्चरवाल्याकडून आणून टेबलावर केलं होतं, आणि तेही सुईपर्यंत धक्का जायच्या आधी. खरं तर फिल्टरचा योग्य क्रम तोच: आधी मुळाशी थांबवा, मग मोनो असेल तर बेरीज करा, मग जे उरेल त्याला फिल्टर लावा.

ती ट्यूब आता चिरली आहे, हवा धरत नाही. दुसऱ्या शनिवारी बाजारातून नवी आणली आणि तेव्हापासून गाड्या रेकॉर्डिंगमधून जवळजवळ नाहीशा झाल्या. पण हिराबाईंची चाचणी पहिल्या शनिवारची, ट्यूबशिवायची. त्यात घर आलं आहे.

त्या फाइलमध्ये १४ मिनिटं २० सेकंदांपासून एक विचित्र नक्षी दिसते. एक मोठा ठोका, लगेच एक लहान, मग थांबा. परत मोठा, लहान, थांबा. असं तेरा वेळा. ऐकायला काही नाही, हिराबाई शांतपणे गात आहेत. मी त्या नक्षीकडे बघत असतानाच दार ढकललं गेलं आणि आजी म्हणाली, "जेवायला चल गं, केव्हाची हाका मारतेय." जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. आजी शहाऐंशी वर्षांची आहे. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढते.

गाळलेल्या फाइलमध्ये हे काही नाही. नसायलाच हवं. ऐकणाऱ्याला हिराबाई हव्यात.

आत्याला पेणला गाळलेली फाइल ऐकवली. तिनं डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. म्हणाली, "स्वच्छ आहे गं. अण्णांच्या वेळी एवढं स्वच्छ नव्हतं. गाडी यायची वेळ झाली की ते उठून आवाज बारीक करायचे." का, ते तिला माहीत नव्हतं. मला वाटतं कळलं. स्पीकरचा हादरा जमिनीतून परत सुईपर्यंत जातो आणि चक्र सुरू होतं, आवाज मोठा असेल तर ते घुमायला लागतं. त्यात गाडीची भर नको.

मग मी तोच फिल्टर उलटा केला. तीसच्या वरचं सगळं कापलं, हिराबाई, पेटी, तबला, सगळं. जे टाकून देत होते तेवढंच ठेवलं आणि चौपट वेगानं वाजवलं. चौपट वेगात १५ हर्ट्झचा धक्का ६० हर्ट्झचा होतो, म्हणजे ऐकू येतो. धप-टप. धप-टप. धप-टप.

दहा सेकंदही झाली नसतील. आत्या म्हणाली, "आई आहे ही. डावा गुडघा." मग थोड्या वेळानं, "परत लाव."

दोन फाइली

जुने आवाज जपणाऱ्यांच्या जगात यासाठी नियम आहे. ध्वनी आणि दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मूळ प्रत उतरवताना आपल्या आवडीची सफाई करू नये. सफाई ऐकायच्या प्रतीत करावी. आपल्याकडेही असं काम झालेलं आहे. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं, सुरेश चांदवणकरांनी, आयुष्याची वर्षं तबकड्यांमागे घातली. १९३५ ते १९५५ या काळात मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीनं 'यंग इंडिया' या नावानं तबकड्या काढल्या होत्या. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून त्या डिजिटल करण्यात आल्या. त्या तबकड्यांवर अनेक नवखे, हौशी आवाज आहेत. उद्या कुणाला त्यात काय ऐकायचं असेल, हे आज उतरवणाऱ्याला ठरवता येत नाही.

माझ्या नोकरीतही हेच आहे. मूळ लॉगला हात लावायचा नाही, गाळणी बघायच्या स्क्रीनवर लावायची. कारण गाळलेल्यातून मूळ परत मिळत नाही, मूळातून गाळलेलं हवं तेव्हा आणि हवं तिथे कापून काढता येतं. जागेचं कारणही उरलेलं नाही. चोवीस बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये एका एलपीला साधारण १.४ जीबी लागतात. ११२ रेकॉर्ड्सना दीडशेच्या आसपास. काकाच्या फोनमध्ये यापेक्षा जास्त गुड मॉर्निंग असतील.

म्हणून प्रत्येक रेकॉर्डच्या दोन फाइली आहेत. एक गाळलेली, आत्याच्या पेनड्राइव्हवर, ब्लूटूथ स्पीकरवर लावायला. एक जशी सुईनं ऐकली तशी. हिराबाईंच्या त्या बाजूच्या तीन आहेत, कारण नव्या ट्यूबवर मी ती परत उतरवली. पहिलीही ठेवली आहे.

तुमच्या घरी अशा तबकड्या असतील, तर एवढंच करा. स्पीकर दूर ठेवा, प्लेअरखाली काहीतरी जड आणि त्याखाली काहीतरी मऊ ठेवा, पातळी जरा खाली ठेवून जसं येतंय तसं उतरवा, आणि मग खुशाल गाळा. प्रत्येक फाइलसोबत चार ओळींची नोंद ठेवा: कुठली रेकॉर्ड, कुठला प्लेअर, कुठली तारीख, मध्ये काय झालं. माझ्या एका नोंदीत असं आहे: रोहा, माडी, ट्यूब नाही. ६ मि. ०५ से. मालगाडी. १४ मि. २० से. ते १५ मि. जिना, आजी.